फुलपात्रभर पाणी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. या प्रकरणात मी चांगली मुलगी नाही. आत्मचरित्रात माणसं स्वतःचे दोष सांगतात तेव्हा ते असे निवडून सांगतात, की वाचणाऱ्याला शेवटी कौतुकच वाटावं. 'मी फार हट्टी होते', 'मी फार स्पष्टवक्ती होते.' वा! मी जळकुकडी होते. माझ्या चुलत बहिणीवर, मीनावर, मी वर्षभर जळत होते आणि त्या जळण्यापायी तिचं मनगट मोडलं. आता वाचा.

आम्ही बिबवेवाडीत राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा, आणि ओट्याखाली नानांची मोटारसायकल. नाना म्हणजे माझे वडील. ते मोटारसायकलच्या कारखान्यात टेस्ट रायडर होते. नवी गाडी तयार झाली की नाना आणि त्यांच्यासारखे आणखी चौघे ती चालवून बघायचे, ब्रेक लागतो का, वळणात डगमगते का, ते लिहून द्यायचे आणि मगच ती दुकानात जायची. त्यामुळे आमच्या घरात शांतपणे जेवण असं कधी झालं नाही. घास तोंडाशी नेता नेता नाना थांबायचे. रस्त्यावरून एखादी गाडी गेलेली असायची. "चेन सैल आहे," ते म्हणायचे, आणि घास खायचे. आई म्हणायची, "त्याला हाक मारून सांगा की मग. आमटी निवते आहे." आईचं माहेर पुण्यातच, नारायण पेठेत. तिच्या आमटीत गूळ असायचा आणि बोलण्यात नसायचा.

नाना बाहेर पडताना हेल्मेट घालायचे. त्या काळी आमच्या गल्लीत हेल्मेट घालणारा हा एकच इसम. समोरचे जोशीकाका रोज न चुकता विचारायचे, "काय नाना, चंद्रावर का?" आणि नाना रोज न चुकता म्हणायचे, "नाही, स्वारगेटपर्यंतच. पण रस्ता तसाच आहे." नानांचा आणखी एक नियम होता. ते कोणाच्याही मागे बसत नसत. कारखान्यातले मित्र सोडायला यायचे म्हणाले तरी हे बसने यायचे. "ज्याचा ब्रेक मला माहीत नाही, त्याच्या मागे मी बसत नाही," एवढंच सांगायचे. लोकांना राग यायचा. मला मात्र वाटायचं, एक दिवस नाना माझ्या मागे बसतील. सिंहासनावर बसल्याची स्वप्नं बघणारी मुलं असतात ना, तसं माझं हे होतं.

मग मीना आली. नानांच्या धाकट्या भावाची मुलगी, वर्ध्याची. काका आदल्या वर्षी अचानक गेले होते आणि मीनाला पुण्यात कॉलेजला घालायचं नानांनी ठरवलं. ती माझ्याहून वर्षाने मोठी. एक पत्र्याची ट्रंक, मुगवड्यांचा डबा आणि जवसाच्या चटणीची बरणी घेऊन ती रिक्षातून उतरली आणि ओट्यावर उभ्या नानांना वाकून नमस्कार करत म्हणाली, "मोठेबाबा, गाडीत लय गर्दी होती. उभ्यानंच आली मी."

मोठेबाबा! त्यांच्याकडे थोरल्या काकाला तसंच म्हणतात, हे मला माहीत होतं. पण त्यात 'बाबा' होतं, आणि माझ्याकडे नुसते 'नाना'. त्याहून वाईट पुढे झालं. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग बसून घे ना वं पोरी. चहा घेतं का?" मी दारात उभी होते ती उभीच राहिले. नाना असं बोलू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. पुण्यात आल्यावर त्यांनी आपली बोली कुठेतरी गुंडाळून ठेवली होती. माझ्याशी ते स्वच्छ पुणेरी बोलायचे, तेही मोजकं. आणि या कालच्या पोरीसाठी ती जुनी भाषा एका क्षणात बाहेर आली, अगदी न चुरगळता.

आठ दिवसांत तिने स्वयंपाकघरही घेतलं. म्हणजे आईने दिलं. रविवारी मीनाने गोळाभात केला. डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातातच वाफवायचे, पानात गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची. नानांनी तीनदा भात घेतला. चौथ्यांदा घेताना आई म्हणाली, "इतकी वर्षं उपाशीच होतात वाटतं." नाना हसले. मी म्हणाले, मला तिखट लागतं. खरं सांगायचं तर भात फार सुरेख झाला होता. आजही मी करते, पण तिच्या हाताचा होत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तुम्ही म्हणाल, बिचारीचे वडील गेलेले, त्या मुलीवर काय जळायचं? मला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. कळत होतं म्हणून तर ते कोणाला सांगता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नानांनी जेवताना विचारलं, "गाडी शिकायची कोणाला?" दोघींनी एकदमच हात वर केले. आईने कपाळावर मारला. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर टेकडीच्या पायथ्याशी एका नव्या सोसायटीची आखणी झाली होती. रस्ते झालेले होते, घरं यायची होती. आता तिथे सात-सात मजले उभे आहेत आणि पार्किंगवरून रोज भांडणं होतात, पण तेव्हा तो आमच्याच मालकीचा असावा इतका मोकळा रस्ता होता. दर रविवारी सकाळी नाना गाडी घेऊन पुढे जायचे आणि आम्ही दोघी मागून पिशव्या घेऊन चालत. एका पिशवीत नारळाच्या करवंट्या, दुसरीत रांगोळीचा डबा आणि स्टीलचं एक फुलपात्र.

करवंट्या वळणासाठी. नाना त्या रस्त्यावर नागमोडी पालथ्या घालायचे आणि त्यांच्यामधून गाडी काढायची. "करवंटीकडे बघशील तर करवंटीवर जाशील. जायचं आहे तिकडे बघ," ते सांगायचे. "आणि ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवला तर उशीर झाला म्हणायचा." रांगोळी थांबण्यासाठी. एक रेघ ब्रेक धरायला सुरुवात करायची, आणि दुसरी, जिच्या पुढे चाक जाता कामा नये ती. पायातला मागचा ब्रेक आणि हातातला पुढचा, दोन्ही मिळून. नाना म्हणायचे, "थांबवतो तो पुढचा. मागचा नुसता हो ला हो करतो. पण पुढच्याला हिसका द्यायचा नाही. लिंबू पिळतो तसा. आधी हलका, मग जोर." नानांच्या जुन्या जाड पँटी कमरेला बांधून, कॅनव्हासचे बूट घालून, एकच हेल्मेट आळीपाळीने डोक्यावर घट्ट आवळून आम्ही शिकायला लागलो. पट्टा लागल्याचा 'टक' असा आवाज नानांनी स्वतः ऐकल्याशिवाय ते किल्ली देत नसत.

पहिल्याच रविवारी मी पडले. रस्त्यावर वाळू होती आणि मी पुढचा ब्रेक घाबरून गच्च आवळला. लागलं नाही फारसं, आरसा फुटला. नाना आले, गाडी उचलली, मला उचललं, हातपाय हलवून बघितले. मग म्हणाले, "बरं. तू आता महिनाभर फुलपात्र धर."

ते काय असायचं ते सांगते. फुलपात्र काठाखाली बोटभर भरायचं. मागच्या सीटवर बसणाऱ्याने ते दोन्ही हातांनी छातीशी, पुढच्याच्या पाठीला लागेल न लागेल असं धरायचं, आणि गुडघ्यांनी सीट आवळून बसायचं. गाडी सायकलीच्या वेगाने चालवायची आणि रेघेवर थांबवायची. ब्रेकला हिसका बसला की पाणी पुढे उडणार, चालवणाऱ्याच्या पाठीवर. नाही सांडलं तर थांबणं जमलं. नानांनी जाहीर केलं होतं, "जिचं पाणी सलग तीन रविवार सांडणार नाही, तिच्या मागे बसून मी खडकवासल्याला जाईन. तिथे भजी तिने खायला घालायची."

नाना मागे बसणार! ज्या गोष्टीची मी वाट बघत होते ती आता शर्यत झाली होती, आणि मी त्या शर्यतीत फुलपात्र धरून बसले होते. पुढे मीना. तिची वेणी हेल्मेटखालून माझ्या नाकाशी यायची. तिला शिकाकाईचा वास असायचा. ती करवंट्यांमधून गाडी अशी काढायची की एक करवंटी हलायची नाही. लांबवर कुठेतरी बघत असायची. आणि नाना रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणायचे, "अशी वं माह्या बाई!" हे मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. पहिला रविवार, पाणी जागेवर. दुसरा रविवार, पाणी जागेवर. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "तोंड का असं? कोणी मारलं?" मी म्हणाले, काही नाही, ऊन लागलंय.

तिसऱ्या रविवारी मीनाने केस विंचरताना मला विचारलं, "वसू, तू पण येशील ना खडकवासल्याले? आपण तिघं बसू." तिघं बसू! म्हणजे मी माझ्याच वडिलांच्या मागे, तिच्या कृपेने. मी म्हणाले, "बघू."

नाना दुसऱ्या रेघेपाशी उकिडवे बसले होते, चाक कुठे थांबतं ते बघत. मीनाने गाडी आणली. पहिल्या रेघेवर तिने ब्रेक धरला आणि मला तो कळलासुद्धा नाही, इतका मऊ. गाडी थांबत आली. तेव्हा मी फुलपात्र माझ्याकडे कलतं केलं. फार नाही. अर्धं पाणी माझ्या मांडीवर गेलं, गार. मी लगेच उतरले आणि ओढणी पुढे घेतली. "सांडलं," मी म्हणाले. माझा आवाज अगदी साधा निघाला. मला स्वतःलाच नवल वाटलं.

नानांनी फुलपात्रात डोकावून बघितलं. "पुढचा जरा जास्त धरलास का?" त्यांनी मीनाला विचारलं. ती गोंधळली. "मले त नाही वाटलं, मोठेबाबा. पण धरला असन." "हरकत नाही. पुन्हा पहिल्यापासून तीन," नाना म्हणाले. घरी जाताना ती उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती, हवेतच ब्रेक धरून बघत होती. मला आनंद झाला का? झाला. घरापर्यंत पुरला.

पुढचे दोन रविवार नाना कारखान्यात जादा कामाला होते, सराव झाला नाही. तिसऱ्या रविवारी सरावानंतर नानांनी तिला एकटीला गाडी उतारावरून घरापर्यंत न्यायला सांगितलं. असं ते अधूनमधून सांगायचे. आम्ही दोघं मागून चालत होतो. उताराच्या खाली डाव्या बोळातून एक भाजीची हातगाडी बाहेर आली. मीना तिच्यापासून पुष्कळ लांब होती. मला आजही ते अंतर दिसतं. तिने नुसत्या मागच्या ब्रेकवर पाय दाबला. मागचं चाक घसटत बाजूला गेलं, गाडी आडवी झाली, आणि ती हातगाडीच्या अलीकडे हातावर पडली. हातगाडीवाल्याला काही झालं नाही. तो बिचारा टोमॅटो सोडून आधी तिच्याकडे धावला. नानांना मी तोवर कधी पळताना बघितलं नव्हतं.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून दुपारी घरी आणलं. आईने तिला मऊ भात आणि साधं वरण भरवलं, आणि त्या दिवशी वरणात गूळ घातला नाही. जेवण झाल्यावर नाना तिच्यासमोर पाट घेऊन बसले. "अंतर पुष्कळ होतं," ते म्हणाले. "पुढचा ब्रेक काहून नाही धरला?"

"भेव वाटलं, मोठेबाबा. त्या दिवशी पाणी सांडलं ना. मले वाटलं माहा पुढचा हात जड आहे. म्हणून मी तो सोडूनच दिला."

नानांनी पाट जरा पुढे ओढला. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुझी पाठ ओली झाली होती का?"

मी दाराशी भांडी पुसत होते. मीना आठवायला लागली. तिच्या चेहऱ्यावर 'नाही' आलेलं मी बघितलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं, त्याच क्षणी, माझ्यासमोर. आणि ती नानांना म्हणाली, "हो. झाली होती थोडी."

अहो, तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या परत केल्या असत्या. माझी तयारी होती. पण हे? आता तिने मला वाचवायचं, आणि तेही मोडक्या हाताने? मला इतका संताप आला की माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. "खोटं बोलतेय ती! पाठ कोरडी होती तिची. माझी मांडी ओली झाली होती. मी सांडलं."

ते पश्चात्तापाने नव्हतं बरं का. पश्चात्ताप नंतर आला, आणि आला तो अजून गेलेला नाही. तेव्हा मला फक्त तिचा चांगुलपणा सहन झाला नव्हता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थांबली. नाना उठले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, फुलपात्र उचललं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. "गाडीवर मागे बसलेल्यावर पुढच्याचा विश्वास असतो," ते म्हणाले. "मी कोणाच्या मागे बसत नाही एवढंच तू लक्षात ठेवलंस. मागे कोणाला बसवायचं, हे पण बघावं लागतं." बस, एवढंच. मग दीड महिना ते माझ्याशी फक्त 'मीठ दे', 'दार लाव' इतकंच बोलले. मीनाची वेणी मात्र रोज सकाळी मीच घालत होते. एका हाताने तिला जमत नव्हतं. पहिल्या दिवशी मी केस जरा ओढलेच. ती म्हणाली, "हळू वं. हे पण लिंबू पिळल्यासारखं." आम्ही दोघी हसलो, आणि मग मी रडले. ती म्हणाली, "पुरे कर आता. वेणी वाकडी होऊन राहिली."

प्लास्टर निघालं, हात पुरता बरा झाला, तेव्हा एका रविवारी नानांनी करवंट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. रस्त्यावर पोचल्यावर म्हणाले, "वसू, तू पुढे. फुलपात्र मीना धरेल."

मी पट्टा लावला, टक. मागे ती बसली. आता तिच्या हातात होतं सगळं. तिने मनात आणलं असतं तर अख्खं फुलपात्र उपडं केलं असतं आणि मला ब्र काढता आला नसता. मी करवंट्यांतून गेले, एकच उडवली. रेघ आली. लिंबू, लिंबू, असं मनात म्हणत मी ब्रेक धरला, आणि शेवटच्या क्षणी जरा जास्तच पिळला. गार पाणी माझ्या मानेपासून कमरेपर्यंत गेलं.

"माहाच हात हलला, मोठेबाबा!" मीना मागून ओरडली.

नाना आले. माझ्या मागे जाऊन उभे राहिले, मग तिच्याकडे बघितलं. "तुझी मांडी कोरडी आहे," ते तिला म्हणाले. मला म्हणाले, "हिसका बसला. पुन्हा." दीड महिन्यानंतर त्यांनी मला दाखवलेली ती पहिली चूक. ओली पाठ घेऊन मी पुन्हा गेले.

मीनाचे तीन रविवार पावसाळा सरता सरता पूर्ण झाले. तिन्ही वेळा फुलपात्र मी धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत. मग एका सकाळी नाना हेल्मेट घालून ओट्यावरून उतरले आणि मागच्या सीटवर बसले. तिच्यासाठी त्यांनी दुसरं नवं हेल्मेट आणलं होतं. जोशीकाका बघतच राहिले. त्यांना चंद्रसुद्धा आठवला नाही. नानांनी एक हात मीनाच्या खांद्यावर ठेवला आणि ती दोघं खडकवासल्याला गेली. मी फाटकाशी उभी राहून हात हलवला. आणि खोटं कशाला बोलू, एवढं सगळं होऊनही मी जळले. आतून, मनापासून जळले. फक्त आता त्या जळण्याला हात लावायचा नाही, एवढं कळलं होतं.

माझे तीन रविवार कधी सलग झालेच नाहीत. दोन व्हायचे, तिसऱ्याला सांडायचं. मग परीक्षा आल्या, मीनाला नागपूरला नोकरी लागली, माझं लग्न झालं, नानांनी गाडी विकली. आता माझा नातू सांगतो, "आजी, आता गाडीला एबीएस असतं, चाक लॉकच होत नाही." असेल बाबा. आधी लांब बघायला शीक.

नाना फार म्हातारे झाल्यावर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभरानंतर तपासणीला न्यायचं होतं आणि तीन रिक्षावाल्यांनी, आपल्या प्रथेप्रमाणे, नाही म्हटलं. डॉक्टरांची वेळ चुकत होती. मी माझी स्कूटर काढली. माझीच पन्नाशी उलटलेली. नाना फाटकाशी बराच वेळ स्कूटरकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पट्टा लाव," आणि मागे बसले. दोन्ही हात माझ्या खांद्यावर. किती हलके झाले होते ते. स्वारगेटच्या चौकात एक बस अचानक पुढे घुसली. मी दोन्ही ब्रेक धरले, आधी हलका, मग जोर, आणि स्कूटर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली. मागचे चारजण हॉर्न वाजवत होते. नानांनी माझ्या खांद्यावरचा एक हात काढला आणि तळवा माझ्या पाठीवर सपाट ठेवला.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

दुपारी मी नागपूरला मीनाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती पलीकडे गप्प झाली. मला वाटलं रडते आहे. मग म्हणाली, "मले त नाही म्हटलं कधी असं. खडकवासल्याले जाऊन येईपर्यंत एक शब्द नाही बोलले ते." आणि जरा थांबून, "खरंच म्हटलं का तुले?"

"हो, खरंच," मी म्हणाले. आणि मग, देवा क्षमा कर, मी तिला ते पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं.